दहावी झाल्यावर देईन

मध्यमवर्गीय घरातला माळा म्हणजे त्या घराचं पुराणवस्तुसंशोधन खातं. खालच्या खोल्यांतून वर्तमानकाळ नांदतो आणि डोक्यावरच्या अडीच फुटांत भूतकाळ पालथा पडलेला असतो. आमच्या डोंबिवलीच्या माळ्यावर एक तांब्याचा बंब, पाय मोडलेली तिवई, हिच्या लग्नातली ट्रंक आणि "कधीतरी उपयोगी पडेल" एवढ्या एका आशेवर चाळीस वर्षं तग धरून राहिलेली बरीच खोकी आहेत. दर दिवाळीला कुणीतरी शिडीवर चढतं. पूर्वी मी चढत असे, आता सोसायटीच्या वॉचमनचा मुलगा चढतो. तो एकेक वस्तू खाली दाखवतो आणि ही प्रत्येक वस्तूला "राहू दे" म्हणते. याला आमच्याकडे माळा साफ करणं म्हणतात.

या खेपेला बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यातून एक नारिंगी रंगाची, पुस्तकासारखी उघडझाप होणारी डबी निघाली. उघडली तर वर एक काच, खाली एक काच, डाव्या अंगठ्याशी अधिकचं चिन्ह आणि उजव्या अंगठ्याशी एक बटण.

"अगं बाई! नंदूचा माकडवाला गेम!" ही म्हणाली, "हा कसा इथे आला?"

मी ताबडतोब यंदा थंडी उशिरा पडणार असं काहीतरी बोललो. कारण ती डबी माळ्यावर कशी आली हे घरात फक्त मला ठाऊक होतं. निदान त्या दिवसापर्यंत माझी तशी समजूत होती.

ही डबी १९८५ साली माझ्या मेहुण्यानं दुबईहून आणली. त्या काळी दुबईहून येणारा मेहुणा म्हणजे प्रतिसांताक्लॉजच. त्यानं हिला साडी दिली, मला दाढीचा साबण दिला आणि नंदूच्या हातात ही डबी ठेवली. माझ्या कपाळावरची आठी पाहून तो म्हणाला, "भाऊजी, यात घड्याळसुद्धा आहे." घड्याळ म्हटल्यावर माझा विरोध संपला. उपयुक्ततेचा एवढासा शिक्का बसला की आम्ही मंडळी काहीही घरात घेतो. पुढची तीन वर्षं नंदूनं त्या घड्याळात वेळ किती झाला हे एकदाही पाहिलं नाही, वेळ कसा गेला एवढंच पाहिलं.

१९८८ च्या जून महिन्यात नंदू दहावीत गेला आणि मी डबी जप्त केली. वर ते सुप्रसिद्ध वाक्य उच्चारलं, "दहावी झाल्यावर देईन." हे वाक्य म्हणजे बापानं लेकाच्या नावे काढलेली हुंडी. मुदत भरते, पण हुंडी वटत नाही. दहावी झाली, तेव्हा मी म्हणालो, आता बारावीचं वर्ष तोंडावर आलं. बारावी झाली, तेव्हा त्याला मिशी फुटली होती आणि मिशीवाल्या माणसानं खेळणं मागायचं कसं? पुढे तो मागायचं विसरला आणि मी द्यायचं विसरलो. इतकं साधं ते प्रकरण होतं असं मी लोकांना सांगू शकतो. पण ते इतकं साधं नव्हतं. त्याबद्दल शेवटी सांगेन. कबुलीजबाब पहिल्याच पानावर देऊ नये, वाचक उठून जातो.

तर ही डबी नंदूला परत करायची असं मी ठरवलं. पण पस्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस कागदपत्रांशिवाय कुणाला काही परत करू शकत नाही. म्हणून मी आधी या माकडाचं घराणं शोधायला बसलो. जी वस्तू मी "रिकामटेकडेपणाचं यंत्र" म्हणून माळ्यावर टाकली, ती कुणी आणि कशासाठी केली, हे पाहायला नको?

घराण्याचा एक मूळपुरुष निघाला तो थेट अणुबाँबच्या गोतावळ्यातला. विल्यम हिगिनबॉथम हा शास्त्रज्ञ युद्धकाळात लॉस अलामॉसला बाँबच्या इलेक्ट्रॉनिक्सवर काम करत होता. त्याचं मन नंतर त्याला खाऊ लागलं असावं, कारण पुढे तो अण्वस्त्रांचा प्रसार थांबावा म्हणून झटणाऱ्यांत होता. १९५८ साली तो न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत असताना तिथे लोकांना प्रयोगशाळा दाखवायचा दिवस आला. आता प्रयोगशाळेत बघण्यासारखं काय असतं? कपाटं, तारा आणि "हात लावू नये" अशा पाट्या. लोक जांभया देतात हे याला माहीत होतं. त्यानं विजेच्या लहरी दाखवणारी, ऑसिलोस्कोप नावाची, पाच इंची गोल काच घेतली, ती एका गणकयंत्राला जोडली आणि तिच्यावर टेनिसचा खेळ मांडला. एक आडवी रेघ म्हणजे मैदान, मध्ये उभी रेघ म्हणजे जाळं आणि एक ठिपका म्हणजे चेंडू. लोकांनी रांगा लावल्या. पुढल्या वर्षी तोच खेळ पुन्हा मांडला आणि मग मोडून टाकला, कारण त्याचे सुटे भाग दुसऱ्या कामाला हवे होते! हे वाचलं आणि माझं मन एकदम भरून आलं. रेडिओ मोडून त्याचं खोकं देव्हाऱ्याला वापरणारा माणूस हाच. आमच्या घरात शोभला असता.

दुसरे गृहस्थ राल्फ बेअर. १९३८ साली नाझींच्या जर्मनीतून आईबापांबरोबर निसटलेला हा ज्यू मुलगा अमेरिकेत जाऊन टेलिव्हिजनचा इंजिनिअर झाला. १९६६ च्या ऑगस्टअखेर न्यूयॉर्कमध्ये बसच्या थांब्याबाहेर कुणा सहकाऱ्याची वाट पाहत बसला असताना त्याच्या मनात आलं, घरोघरी हे टेलिव्हिजनचं खोकं आहे, त्याच्याकडे नुसतं बघण्याऐवजी त्याच्याशी खेळता आलं तर? दुसऱ्या दिवशी त्यानं चार पानं लिहून काढली. मीही उभा जन्म बसच्या थांब्यावर काढला, पण माझ्या मनात बसखेरीज काही आलं नाही.

त्या चार पानांतून १९७२ साली 'ओडिसी' नावाचं यंत्र दुकानात आलं. घरच्या टेलिव्हिजनला जोडून खेळायचं ते पहिलं यंत्र. त्याला आवाज नव्हता, रंग नव्हते, गुण मोजायची अक्कल नव्हती. पडद्यावर काही पांढरे चौकोन आणि एक रेघ, एवढाच संसार. मग मैदान कुठलं, जंगल कुठलं? तर त्यासाठी खोक्यात रंगीत चित्रांचे पारदर्शक प्लॅस्टिकचे कागद दिलेले, ते टेलिव्हिजनच्या काचेवर चिकटवायचे. सोबत फासे, पत्ते आणि खोट्या नोटा. म्हणजे आमचा 'व्यापार'च, फक्त विजेवर चालणारा.

याच १९७२ साली २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. अमेरिकेतला माणूस टेलिव्हिजन बघून कंटाळला आणि त्याच्याशी खेळू लागला, त्याच सुमाराला आमची चाळ एका बिऱ्हाडात दाटीवाटीनं बसून तोच टेलिव्हिजन कंटाळा येईपर्यंत बघायला शिकत होती. पण प्लॅस्टिकच्या कागदाच्या बाबतीत आम्ही हार गेलो नाही! कृष्णधवल पडद्यापुढे वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा असा कागद लावून आम्हीही घरात रंगीत टेलिव्हिजन आणला होता. त्यात निवेदिकेचं कपाळ निळं आणि पदर हिरवा दिसायचा, पण रंगीत ते रंगीत.

तिसरी गोष्ट 'पाँग'ची. ही मला सर्वांत आवडते, कारण ती एका होतकरू नोकराची आहे. १९७२ सालीच नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी या दोघांनी कॅलिफोर्नियात अटारी कंपनी काढली आणि अ‍ॅलन अल्कॉर्न नावाच्या तरुण इंजिनिअरला कामाला घेतलं. हात बसावा म्हणून बुशनेलसाहेबांनी त्याला टेबलटेनिसचा एक साधा खेळ करायला सांगितला आणि एका बड्या कंपनीची ऑर्डर आहे असं खुशाल ठोकून दिलं. ऑर्डर वगैरे काही नव्हती, तो गृहपाठ होता. साहेब म्हणाले, प्रेक्षकांचा जल्लोष ऐकू आला पाहिजे. अल्कॉर्ननं पाहिलं, तर जल्लोषाला लागणारे भाग नव्हते, आणि असते तरी परवडले नसते. त्यानं यंत्रातच आधीपासून जे विजेचे ठोके चालू होते त्यांत तार खुपसून पाहिली, तर 'पॉक' असा आवाज आला. तोच ठेवला. फळी पडद्याच्या अगदी वरच्या टोकापर्यंत जात नव्हती, हा जोडणीतला दोष होता. तोही ठेवला, कारण त्यामुळे खेळ कठीण झाला आणि रंगला.

हे यंत्र सनीव्हेल गावच्या एका गुत्त्यात नेऊन ठेवलं. थोड्याच दिवसांत मालकाचा निरोप आला की यंत्र बंद पडलं आहे. अल्कॉर्ननं जाऊन उघडलं, तर बिघाड कसला? नाणी साठवायचं भांडं काठोकाठ भरलं होतं आणि पुढचं नाणं आत जायला जागा नव्हती. जगातल्या प्रत्येक दुकानदाराला असा बिघाड एकदा तरी लाभो. पुढे ओडिसीवाल्यांनी अटारीला कोर्टात खेचलं. बुशनेलसाहेब त्याच वर्षी मे महिन्यात ओडिसीचं प्रात्यक्षिक पाहून गेले होते आणि तिथल्या वहीत त्यांची सही होती. १९७६ साली तडजोड झाली आणि अटारीनं परवान्याचे पैसे मोजले. माझ्या बँकेतल्या एका वरिष्ठांचं सांगणं असे, "कुठेही जा, सही करू नका." बुशनेलना असा वरिष्ठ भेटला नाही.

मग जपानी आले. १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' केला. वरून पंचावन्न परग्रहवासी पाच ओळींत कवायत करत खाली उतरतात आणि आपण खालून गोळ्या मारतो. यातली मौज अशी की पंचावन्न जण हलवताना त्या बिचाऱ्या यंत्राला धाप लागायची. जसजसे ते मरत, तसतसं यंत्राचं ओझं हलकं होई आणि उरलेले भराभर पळू लागत. शेवटचा एक तर बाण सुटल्यासारखा धावे. निशिकादोंनी हे मुद्दाम केलं नव्हतं, पण पाहिल्यावर बदललंही नाही. शाळेत पाऊस पडून पाचच मुलं आली की मास्तर अख्खा धडा वीस मिनिटांत उरकत, त्यातलाच हा प्रकार. रंगांचं म्हणाल तर पडदा कृष्णधवल, त्यावर रंगीत कागदाच्या पट्ट्या. पुन्हा आमचाच निळा-हिरवा टेलिव्हिजन! या खेळापायी जपानात शंभर येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला अशी एक गोष्ट फार सांगितली जाते. ती दंतकथाच आहे. पण "सुटे नाहीत" हे वाक्य ऐकत लहानाचा म्हातारा झालेल्या मला ती खोटी मानायला फार जड गेलं.

१९८० साली तोरू इवातानी यांचा 'पॅकमॅन' आला. गोळ्या घालणं बाजूला ठेवून नुसतं खात सुटणारा पिवळा गोळा. खेळांच्या दुकानांत सगळे पुरुषच दिसतात, बायकांनाही यावंसं वाटावं, म्हणून इवातानींनी खाण्याचा विषय घेतला. एक तुकडा उचललेल्या पिझ्झात त्यांना ते तोंड दिसलं. पिझ्झा न खाता त्याच्याकडे बघत बसणारा मनुष्य थोरच. या खेळाला शेवट असा ठेवलेला नाही, पण दोनशे छप्पन्नावा डाव आला की अर्धा पडदा अगम्य अक्षरांनी भरून जातो. कारण डाव मोजायच्या खान्यात दोनशे पंचावन्नपर्यंतच आकडा मावतो. इतकं कुणी खेळेल असं करणाऱ्यालाच वाटलं नव्हतं. आमच्या लेजरमध्येही शिल्लकेच्या रकान्याला ठरावीकच घरं असत, पण माझ्या खात्यानं त्यांना कधी त्रास दिला नाही.

आणि आता आमचं माकड. क्योटोतली निंटेंडो ही कंपनी १८८९ सालची, मूळ धंदा फुलांच्या चित्रांचे पत्ते छापण्याचा. तिनं 'रडार स्कोप' नावाचा खेळ अमेरिकेत पाठवला, तो पडला आणि सुमारे दोन हजार यंत्रं गोदामात तशीच राहिली. मालकांनी शिगेरू मियामोतो नावाच्या तरुण चित्रकाराला सांगितलं, याच पेट्यांत बसेल असं काहीतरी नवीन कर. आधी त्यांना पॉपायचा खेळ करायचा होता, पण पॉपाय वापरायची परवानगी मिळाली नाही. मग पॉपायच्या जागी एक सुतार, त्याच्या वैऱ्याच्या जागी एक गोरिला आणि पळवून नेलेली एक बाई, असा १९८१ चा 'डाँकी काँग' जन्माला आला. कालच्या पोळ्या उरल्या, त्यांना फोडणी दिली, आणि पाहुणे म्हणाले, "वहिनी, रोज हेच करत जा!" असा हा मामला.

त्या सुताराला मिशी का, माहीत आहे? इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड काढता येईना, म्हणून मिशी. डोक्यावर टोपी का? केस काढता येईनात, म्हणून. त्याचं नाव पुढे मारिओ पडलं, ते अमेरिकेतल्या निंटेंडोच्या गोदामाचे मालक मारिओ सेगाल यांच्यावरून. आमच्या चाळीत घरमालकाचं नाव आम्हीही ठेवलं होतं, पण ते मोठ्यानं उच्चारण्यासारखं नव्हतं.

हे सगळं वाचत असताना मला थोडं अपराधी वाटू लागलं. मी या खेळांना उधळपट्टी म्हणत आलो, आणि हे लोक तर भागवाभागवी करत होते. भाग नाहीत, रंग नाहीत, ठिपके नाहीत, आहे त्यात निभावून न्यायचं. जे नव्हतं त्यातूनच प्रत्येक खेळाला त्याचा चेहरा मिळाला. मारिओची मिशी ही शुद्ध काटकसर आहे. आणि जिथे हात सैल सुटला तिथे काय झालं, तेही पाहा. १९८२ साली अटारीनं 'ई. टी.' या सिनेमाच्या हक्कांसाठी कोट्यवधी डॉलर मोजले आणि नाताळ गाठायचा म्हणून खेळ पाच आठवड्यांत करून घेतला. तो अपेक्षेइतका विकला गेला नाही. १९८३ साली उरलेल्या मालाचे ट्रकच्या ट्रक न्यू मेक्सिकोतल्या अलामोगॉर्डो गावच्या कचराभूमीत पुरले. २०१४ साली लोकांनी खणून ती कार्ट्रिजं पुन्हा वर काढली. त्यांच्याकडे माळे नसतात, दुसरं काय!

आमच्या डबीचा जनक मात्र अस्सल माळेवाला निघाला. गुनपेई योकोई हे निंटेंडोच्या पत्त्यांच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करत. फावल्या वेळात त्यांनी लांबून वस्तू पकडणारा एक लाकडी चिमटा केला, तो मालकांनी पाहिला. कामाच्या वेळेत खेळणी करतो म्हणून आमच्याकडे मेमो मिळाला असता, तिथे त्यांना खेळणी करायचं काम मिळालं. एकदा आगगाडीत त्यांनी एक कंटाळलेला नोकरदार पाहिला. तो आपल्या खिशातल्या गणकयंत्राची बटणं उगाच दाबत बसला होता. योकोईंच्या मनात आलं, याला तळहातात मावेल असा खेळ दिला तर? पुढे एकदा मालकांचा ड्रायव्हर आला नव्हता, म्हणून योकोई गाडी चालवायला बसले आणि बोलता बोलता ही कल्पना सांगून टाकली. १९८० साली 'गेम अँड वॉच' निघाला. त्यातली काच गणकयंत्रातलीच, चढाओढीमुळे स्वस्त झालेली. योकोईंचं तत्त्वच असं की नव्या, महागड्या गोष्टींमागे धावू नये, सुकून गेलेलं जुनं तंत्र घ्यावं आणि त्याकडे आडव्या बाजूनं पाहावं. हे तत्त्व ही गेली पन्नास वर्षं जुन्या साड्यांच्या बाबतीत पाळते आहे, पण तिच्या चार कोटी गोधड्या खपल्या नाहीत. त्या डब्या खपल्या.

आणि ते अधिकचं चिन्ह! मिटणाऱ्या डबीत उभा दांडा मावेना, म्हणून १९८२ साली योकोईंनी त्याऐवजी ती चपटी फुली बसवली, ती याच माकडाच्या डबीत. पुढे घरोघरच्या यंत्रांवर तीच फुली आली. नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीतली पोरं कॅसेटमध्ये फुंकर मारून मारिओ खेळत, तेव्हा त्यांच्या डाव्या अंगठ्याखाली तीच होती. आणि मूळ प्रत माझ्या माळ्यावर, बिस्किटांच्या डब्यात.

आता तो कबुलीजबाब. डबी जप्त केली त्याच रात्री, सगळे झोपल्यावर, घड्याळ बरोबर आहे का पाहावं म्हणून मी ती स्वयंपाकघरात नेली. वेळ बरोबर होती. मग सहज बटण दाबलं. त्यानंतर सव्वा महिना मी रोज रात्री पाणी प्यायला उठत होतो. माकड वरून पिंपं गडगडत सोडायचं आणि तिसऱ्या पिंपापाशी मी हटकून मरायचो. शेवटी सेल संपले. नवीन आणावे तर दुकानदाराला काय सांगायचं? वर ज्यानं तीन वर्षं सेल जपले त्याला काय सांगायचं? मी ते मेलेले सेल काढून ठेवले आणि डबी माळ्यावर गेली. दहावीनंतर नंदूनं मागितली तेव्हा ती देता आली नाही, कारण सेल कुठे गेले हे सांगावं लागलं असतं.

गेल्या रविवारी नंदू आला. बरोबर नात ईरा. ती यंदा दहावीत आहे आणि तिचा फोन नंदूच्या कपाटात आहे. किती दिवसांसाठी, ते विचारायची मला गरज पडली नाही. मी घड्याळवाल्याकडून दोन बटणसेल आणून घातले होते. डबी उघडून टेबलावर ठेवली. काचेवर माकड उगवलं आणि बावन्न वर्षांच्या माणसाचे दोन्ही अंगठे कुणीही न सांगता जागेवर गेले.

"नंदू," मी म्हणालो, "तेव्हा मी तुझे सेल..."

"माहीत आहे बाबा," तो मान वर न करता म्हणाला, "रात्री आवाज यायचा. त्याला आवाज बंद करायचं बटणच नव्हतं."

"मग बोलला नाहीस ते?"

"मला बरं वाटायचं. तुम्ही रोज तिसऱ्या पिंपाशी मरायचात, ते आवाजावरून कळायचं. वाटायचं, उद्या हे मला विचारतील, कसं चुकवायचं ते." त्यानं एक पिंप चुकवलं. "तुम्ही विचारलंच नाहीत."

यावर काय बोलावं ते मला सुचेना. ते काम ईरानं केलं. "बाबा," ती म्हणाली, "मग आता माझ्या फोनचं काय?" नंदूनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा डबीकडे, आणि त्याचा सुतार पिंपाखाली आला. रोज संध्याकाळी एक तास, असं शेवटी ठरलं. मी साक्षीदार म्हणून सही करायला तयार होतो.

निघताना नंदूनं मला शिकवलं. पिंप दिसलं की उडायचं नाही, ते पायाशी येईपर्यंत थांबायचं. इतकं सोपं होतं. डबी तो माझ्यापाशीच ठेवून गेला. तिसरं पिंप मी आता चुकवतो, पाचव्याशी अडकलो आहे, ते नंदूला फोन करून विचारणार होतो. पण परवा रात्री पाणी प्यायला उठलो, तर डबी जागेवर नव्हती.

अंधारातून हिचा आवाज आला, "झोपा आता. साखरेचा रिपोर्ट येऊ दे. चांगला आला तर देईन."